मंगळवारच्या नानांचा गुरुवार

"पण कोणी विचारलंच तर?" दुफीने विचारलं.

तिच्या आईच्या, पोकुआच्या, तोंडात तीन टाचण्या होत्या. त्या काढून तिने मनगटावरच्या गादीत खोचल्या.

"कोणी विचारणार नाही."

"विचारलं तर?"

"तर म्हणायचं, देवाला ठाऊक."

दुफीने यावर नीट विचार केला. ही चौदा वर्षांची पोर विचार करते तेव्हा तिच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला शिवतात, मग उलटी परत येतात. "देवाला ठाऊक असणारच. पण मलाही ठाऊक आहे. मी 'देवाला ठाऊक' म्हटलं की लोकांना वाटेल, मला ठाऊक नाही. म्हणजे खोटंच झालं."

"मग गप्प बसायचं, बाई माझे."

"किती वेळ?"

"पूर्वजांसाठी पहिला घोट जमिनीवर सांडला की सुरू. केक कापला की संपलं."

"करारात लिहिलंय तेवढाच वेळ."

"तेवढाच."

करार वहीच्या कागदावर होता आणि दुफीच्या खिशात चौघडी घालून ठेवलेला होता. ईस्टरला तिने भर चर्चमध्ये उभं राहून, तेही माईकपासून हातभर अंतरावर, शुक्रवार दुपार ते रविवार पहाट या हिशेबात थडग्यातल्या तीन रात्री बसत नाहीत असं जाहीर केलं, त्या संध्याकाळी डॉर्कस मावशीने मुलीला डोंगरावरच्या प्रार्थना-छावणीत चाळीस दिवस ठेवायचं असं ठरवून टाकलं होतं. पोकुआ रडली, भांडली आणि शेवटी एका परीक्षेवर आली. 'नानांच्या वाढदिवसाला दुफी कोणाचीही चूक काढणार नाही. काढली नाही तर छावणी रद्द. काढली तर सोमवारी सकाळी चर्चची गाडी.' खाली डॉर्कसची सही, बेदियाको मामाची सही, पोकुआची सही. शब्द दुफीचेच. तोंडी करारावर तिचा विश्वास नसतो.

छावणीत काय असतं ते पोकुआने एकदा पाहिलं होतं. आठ कर्णे, पहाटेपर्यंत आरडाओरडा, आणि उपाशी माणसं. शेजारच्या घरात मिक्सर लागला तरी जिला कपाटात जाऊन बसावं लागतं, त्या मुलीला तिथे चाळीस दिवस.

एवढंच असतं तर पोकुआला झोप लागली असती. खरी भानगड कापडाची होती.

नानांच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी बेदियाकोने सगळ्या कुळासाठी कापड छापून घेतलं होतं. निळ्या जमिनीवर अंडाकृती चौकटीत नानांचा चेहरा, खाली 'नाना क्वाबेना असामोआ, जन्म १० ऑगस्ट १९४४'. एकशेवीस माणसांचे कपडे, त्यातले निम्मे पोकुआच्या मशीनवर. गठ्ठा उघडला त्या दिवशी दुफी आली, कापडावरून एक बोट फिरवलं आणि म्हणाली, "हा गुरुवार आहे."

आता आमच्यात माणूस जन्माला येतो तेव्हा निम्मं नाव त्याच्याबरोबरच येतं. मंगळवारचा मुलगा क्वाबेना, गुरुवारचा याव. ज्याचा वार चुकला त्याचा आत्माच पत्ता चुकला, असं म्हणणारे लोक आम्ही. आणि घराण्याचे प्रमुख, ज्यांच्या आत्म्याच्या नावाने गेली चाळीस वर्षं दर मंगळवारी पाणी शिंपडलं जातं, ते तारखेप्रमाणे याव निघत होते.

"कोणाला सांगू नकोस," पोकुआ म्हणाली होती. आणि तीन आठवडे तीच चुकीची तारीख कापत, बेतत, शिवत बसली होती.

*

बान्तामा या आमच्या वस्तीतल्या घरासमोरचा रस्ता शनिवारी सकाळपासून बंद केलेला होता. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, माणसाच्या उंचीचे दोन कर्णे. घोषणाफलकावर नाना दोन मजले उंच.

बेदियाको मामा दारातच उभा होता. सुटे भाग विकणाऱ्या माणसाची नजर असते तशी त्याची नजर होती, येणाऱ्या प्रत्येकात काय सैल झालंय ते आधी दिसायचं. बहीण दिसली, तिच्यामागे पिवळे कर्णरोधक कानाला लावलेली भाची. मुलीचा बाप उत्तरेला रस्त्याच्या कामावर यंत्र चालवतो, त्याने पाठवलेले. बाप चांगला माणूस. पण आमच्यात मूल आईच्या कुळाचं, आणि मुलाचं काय करायचं हे बघणारा मामा. म्हणजे बेदियाको. त्याला स्वतःला विचारलं असतं तर त्याने एखादी गाडी मागितली असती. गाडीचं काय करायचं ते त्याला कळतं.

"हिने कपडा उलटा घातलाय," त्याच्या खांद्यामागून डॉर्कस म्हणाली.

"उलटा नाही, ताई," पोकुआ म्हणाली. "शिवणी बाहेरून घेतल्यात. आतून टोचतात तिला."

"एकशेवीस लोकांत एकीलाच शिवण टोचते."

"एकशे चौ…" दुफीने तोंड उघडलं.

"अजून सुरू झालं नाही ना?" मामाने घाईने विचारलं.

"नाही. घोट सांडल्यापासून. आत्ता मी बोलू शकते. एकशे चौदा आले आहेत. सहाजण अजून यायचेत."

डॉर्कसने आकाशाकडे पाहिलं. बेदियाको हसला आणि लगेच हसू गिळलं. ही पोर त्याला आवडायची. गेल्या महिन्यात दुकानात बसून तिने नऊ वर्षांच्या बिलांच्या तारखा वारांशी ताडून पाहिल्या, आणि त्याचा कारकून रविवारी, म्हणजे दुकान बंद असताना, माल विकत होता हे शोधून काढलं. मामाने मनात ठरवलं होतं: आज ही पोर नापास होता कामा नये. काहीतरी करायलाच हवं. तो काही करायला निघाला की घरात सगळे आधी नाजूक वस्तू हलवून ठेवतात.

*

नाना क्वाबेना मधल्या खुर्चीत बसले होते. खांद्यावरून निळं कापड, आत नवाकोरा पांढरा सदरा. नाना फार बोलत नसत. बोलायचं ते ओक्यामेच्या, म्हणजे त्यांच्या प्रवक्त्याच्या, कानात; मग ओक्यामे, जो आयुष्यभर मालट्रक चालवून निवृत्त झाला होता आणि तरी वाक्यांना ब्रेक लावत नसे, ते सजवून सभेला सांगे. सभेलाही नानांशी बोलायचं तर त्याच्याच मार्फत. नाना मधूनमधून मान उजवीकडे वळवत, थोडी वर ताणत, परत आणत. त्याचा अर्थही ओक्यामेच लावे.

"नाना खोल विचार करताहेत," तो सांगे आणि माणसं खुर्चीत सावरून बसत.

त्यांच्या डावीकडे नाना क्वाजो. मावसभाऊ, वयाने नानांपेक्षा पंचवीस दिवसांनी धाकटे, मिशनच्या दवाखान्यात जन्मलेले, जन्माचं कार्ड पाकिटात बाळगणारे. प्रत्येक समारंभात दुसरा पेला त्यांचा. एकोणऐंशी वर्षं दुसरा पेला पिऊन माणसाच्या चेहऱ्यावर जी रेघ येते ती त्यांच्या चेहऱ्यावर होती. "माझी आई ह्याच्या आईच्या बाळंतपणाला गेली तेव्हा मी आईच्या पाठीला बांधलेला होतो," असं ते दर समारंभात सांगत. मग कोणीतरी शाळेच्या दाखल्यावरची नानांची दहा ऑगस्ट दाखवी आणि क्वाजोंना जेवायला वाढलं जाई.

ओक्यामे उठला. बाटली तिरपी केली. पहिला घोट मातीत गेला.

दुफीने तोंड मिटलं. पोकुआने बाजूला बसून तिचा हात धरायला घेतला आणि सोडून दिला. दुफीला धरलेलं आवडत नाही. मग आईने नुसती आपली करंगळी मुलीच्या खुर्चीच्या कडेवर ठेवली. हे चालतं.

"हे पूर्वजांनो, या, प्या! ज्या मंगळवारी, दहा ऑगस्टला, तुम्ही हा क्वाबेना आम्हाला दिलात…"

दुफीची बोटं अंगठ्याला शिवू लागली.

पहिल्या तासात ओक्यामेने तो मंगळवार सात वेळा म्हटला. पाद्रीबुवांनी तीनदा. चर्चच्या बायकांनी त्यावर गाणंच रचलं होतं, त्यात तो कडव्याच्या शेवटी यायचा. आणि जिकडे बघावं तिकडे तीच तारीख. पाठींवर, पोटांवर, डोक्याच्या फडक्यांवर. एक जाडी बाई समोरून गेली, तिच्यावर एकटीवर एकतीस वेळा. दुफीने डोळे मिटले. घाम तिच्या नाकावरून टपकत होता.

तीन रांगा मागे बसलेली डॉर्कस हे पाहत होती. लोकांना वाटे डॉर्कसला ही मुलगी आवडत नाही. तिने मुलीसाठी तीन दिवस पाण्यावर काढले होते, कोणाला न सांगता. आपल्यानंतर हिचं काय, एवढंच तिला दिसायचं. पोकुआ आज आहे, मी आज आहे. उद्या ही मुलगी ज्या जगात उभी राहणार, तिथे कोण हिच्यासाठी शिवणी बाहेरून घेणार आहे? देवाने हिला एकदाच, लवकर, सगळ्यांसारखं करून टाकावं. तिने मुलीच्या अंगठ्याला शिवत राहिलेल्या बोटांकडे पाहिलं आणि तिला वाटलं, बसेल. हट्टी आहे, बसेल ही. तिला त्याचा आनंद झाला, आणि आपल्याला आनंद झाला याचं नवल वाटलं.

दोन तास झाले. पामतेलात कुस्करलेलं कोनफळ आणि वर सोललेली अंडी असं आत्म्याचं जेवण नानांपुढे ठेवलं गेलं. केक मांडवात आणला, पाच मजली, वर साखरेचा आकडा ऐंशी. अजून दहा मिनिटं, पोकुआने मनात म्हटलं. फक्त दहा.

आणि बेदियाको मामा माईक घेऊन उभा राहिला.

*

"ओक्यामे, नानांना सांगा," तो म्हणाला, "की माझ्या बहिणीच्या पोटी एक नवल आहे. काही लोक म्हणतात, त्या मुलीत भलतंच काही आहे." त्याने डॉर्कसकडे पाहिलं नाही, म्हणजे सगळ्यांनी पाहिलं. "मी म्हणतो, देणगी आहे! कोणतीही तारीख द्या, वार सांगते. दुफी, ऊठ. नाना, आज तुमच्याच तारखेने सुरुवात करू. दहा ऑगस्ट एकोणीसशे चव्वेचाळीस! बोल, बाळा, कोणता वार?"

आणि तो छाती फुगवून थांबला, कारण उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. इतका सोपा प्रश्न त्याने मुद्दाम निवडला होता.

पोकुआ खुर्चीतून अर्धवट उठली.

दुफी उभी राहिली. कर्णरोधक काढून गळ्यात घेतले. "मला बोलायची परवानगी नाही," ती म्हणाली.

"मुलगी म्हणते," ओक्यामेने सभेला सांगितलं, "की नानांच्या तेजापुढे तिची जीभ…"

"मी असं नाही म्हटलं."

"… विनयाने जड झाली आहे."

"जड नाही. परवानगी नाही."

नानांनी मान उजवीकडे वळवली. "नाना परवानगी देताहेत!" ओक्यामे गरजला.

"परवानगी आईची लागते," दुफी म्हणाली आणि वळून आईकडे पाहू लागली.

एकशेवीस माणसं वळली. शिवाय नानांचे काही हजार चेहरे.

एक शब्द पुरला असता. 'मंगळवार म्हण', एवढंच. दुफी कधी खोटं बोलत नव्हती, पण आईने सगळ्यांसमोर सांगितलं असतं तर बोलली असती. ते पोकुआला तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. दोन तास ही मुलगी भाजत्या तव्यावर बसावं तशी बसली होती. आईवर, एका कागदाच्या कपट्यावर विश्वास ठेवून. आता तिच्या तोंडात स्वतःच्या हाताने खोटं घालायचं, म्हणजे छावणीच ना ती? फक्त घरातली. कर्णे नसलेली.

"सांग," पोकुआ म्हणाली. तिचाच आवाज तिला ओळखू आला नाही. "खरं ते सांग."

"गुरुवार," दुफी म्हणाली, आणि तिच्या खांद्यांवरून कोणीतरी पोतं उतरवल्यासारखी खाली बसली.

*

सगळी सभा ओक्यामेकडे वळली. मग ओक्यामे, ज्याचं कामच पुढे पोचवायचं होतं, नानांकडे वळून म्हणाला, "मुलगी म्हणते… मुलगी असं सुचवते… की मंगळवार हा एका अर्थी…"

"गुरुवार," दुफी म्हणाली.

"मेलो," बेदियाको माईकमध्ये म्हणाला.

डॉर्कस उठली होती. "मी म्हणत नव्हते? भर सभेत, प्रमुखांच्या आत्म्यावर हात घातला पोरीने! करार मोडला. सोमवारी सकाळी…"

"कोणी हात लावू नका त्या मुलीला!"

हे नाना क्वाजो होते. काठी नसती तर ते खुर्चीवर चढले असते. कालपर्यंत मुलीला छावणीत पाठवाच म्हणणाऱ्यांत ते पहिले होते. "या अख्ख्या कुळात डोकं असेल तर ते तिच्याच धडावर आहे! ऐंशी वर्षं मी सांगतोय, दाखला खोटा आहे! पाठीला बांधलेला होतो मी!"

"तुम्हीच म्हणाला होता तिच्यात भूत आहे," बेदियाको म्हणाला.

"असेल. पण हिशोबी भूत आहे."

तिकडे नानांच्या बाजूच्या म्हाताऱ्या, ज्या काल संध्याकाळपर्यंत 'पोर आहे, जाऊ दे' म्हणत होत्या, त्यांना आता एकाएकी भूत स्पष्ट दिसायला लागलं. एकीने कपडा उलटा आहे याकडे लक्ष वेधलं. दुसरीने विचारलं की चाळीस वर्षं मंगळवारी शिंपडलेलं पाणी मग कोणी प्यायलं. पाद्रीबुवा म्हणाले, देवाला वार नसतात. ईस्टरची आठवण ठेवून त्यांनी लगेच तो विषय सोडला. कर्णे सांभाळणाऱ्या माणसाला काही कळेना, म्हणून त्याने गाणं लावलं, आणि दुफीने कानांवर हात दाबून गुडघ्यांत डोकं घातलं.

"बंद कर ते!" असं दोघी एकदमच ओरडल्या. पोकुआ आणि डॉर्कस. मग एकमेकींकडे बघून दोघीही ओशाळल्या.

गाणं बंद झालं. त्या शांततेत नानांनी ओक्यामेला बाजूला केलं. हाताने, हळूच, दारातली खुर्ची सरकवावी तसं. आणि थेट बोलले.

"पोर बरोबर बोलली. गुरुवारच आहे तो."

ओक्यामे तोंड उघडून पुन्हा मिटून उभा राहिला. त्याच्या कारकिर्दीत असं कधी झालं नव्हतं.

"मला मिशनच्या शाळेत घातलं तेव्हा," नाना म्हणाले, "वय कोणालाच माहीत नव्हतं. हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कान धरता आला की झालं सहा वर्षांचं पोर. माझा हात पोचला. मास्तरांना दाखल्याला तारीख हवी. माझ्या आधीच्या पोराला त्यांनी नऊ ऑगस्ट दिली होती, मला दहा दिली, माझ्या मागच्याला अकरा. आमचा अख्खा बाक एका आठवड्यात जन्मला."

कोणीतरी मागे फिसकन हसलं.

"मी अकरा वर्षांचा असताना चर्चच्या भिंतीवर कॅलेंडर लागलं. मी ते मागे मोजत गेलो. मजा यायची मला. आपोआप व्हायचं ते." त्यांनी दुफीकडे पाहिलं, तिने अजून डोकं वर केलं नव्हतं, पण तिची बोटं थांबली होती. "गुरुवार निघाला. मी वर्गात उभा राहिलो आणि सांगितलं, मास्तर, हा गुरुवार आहे, मी मंगळवारचा. त्यांनी मला बारा छड्या मारल्या. घरी मामा म्हणाले, पोराला बाधा झाली आहे. मला तीन आठवडे मांत्रिकाकडे ठेवलं. डोळ्यांत मिरची घालत. तिथून आलो आणि मी ठरवलं, आपण बोलायचं नाही."

त्यांनी मान उजवीकडे ताणली, परत आणली.

"एकोणसत्तर वर्षं झाली. मी फार बोलत नाही, पोक्त आहे, म्हणून तुम्ही मला प्रमुख केलंत."

डॉर्कस खाली बसली. खुर्ची जरा बाजूलाच होती, पण बेदियाकोने ती वेळेवर पायाने सरकवली.

*

"दुफी," नानांनी हाक मारली. "गुरुवार खोटा, मंगळवार खरा. मग मी कधीचा?"

"तुमची आई काय सांगायची?" दुफीने गुडघ्यांतूनच विचारलं. "आकडे सांगा. गोष्ट नको."

"अकवासिदे सणाच्या रविवारी राजवाड्यावर ढोल वाजत होते तेव्हा तिला कळा सुरू झाल्या. दोन दिवसांनी मी झालो. घरात हंगामातला पहिला कोको फोडत होते."

"आणि मी पाठीला बांधलेला होतो!" क्वाजो ओरडले.

"तुमची तारीख?"

क्वाजोंनी पाकिटातून कार्ड असं काढलं, जणू ऐंशी वर्षं ते याच प्रश्नाची वाट बघत होते. "चार सप्टेंबर एकोणीसशे चव्वेचाळीस. सोमवार!"

"सोमवार बरोबर." दुफी सरळ बसली. "अकवासिदे दर बेचाळीस दिवसांनी. त्या वर्षी तीन सप्टेंबरला आणि पंधरा ऑक्टोबरला. पाच सप्टेंबर धरला तर क्वाजो नाना एक दिवसाचे. एक दिवसाचं बाळ पाठीला बांधून कोणी दुसरीच्या बाळंतपणाला जात नाही. त्या बाईचंच बाळंतपण असतं. कोकोपण ऑक्टोबरात. सतरा ऑक्टोबर. मंगळवार."

तिने एक श्वास घेतला. "म्हणजे क्वाजो नाना त्रेचाळीस दिवसांनी मोठे आहेत. आणि आज वाढदिवस नाही. अडुसष्ट दिवस आहेत अजून."

क्वाजोंना रडू आलं. काठीवर हनुवटी टेकवून ते लहान मुलासारखे रडले, आणि आत्तापर्यंत त्यांची चेष्टा करणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्या नाक पुसायला लागल्या. नानांनी स्वतः उठून पहिला पेला भरला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. "घे, दादा." क्वाजोंनी एक घोट घेतला आणि चेहरा वाकडा केला. "हीच का ती? दुसऱ्या पेल्यातही हीच असते."

"आणि हा केक?" बेदियाकोने हताश होऊन विचारलं. त्याच्या अंगावर, पाठीवर, बाहीवर दहा ऑगस्ट होता. "ऐंशीचा आहे तो. नाना अजून एकोणऐंशीचेच!"

"केक खाता येतो," दुफी म्हणाली. "केकला काही कळत नाही."

डॉर्कस पुढे आली. तिच्या हातात तिची पर्स होती आणि ती तिने ढालीसारखी धरली होती. "नाना, ते सगळं ठीक. पण करार झाला होता. कागदावर. मुलीने चूक काढली. माझा शब्द आहे देवाजवळ, मी काय सांगू त्याला?"

पोकुआ उठली. "ताई, मी सांगितलं तिला बोलायला. न्यायचं तर मला ने."

"तुला काय नेऊ! तुला मशीन आहे!"

दुफीने खिशातून कागद काढला, घड्या उलगडल्या, मांडीवर सपाट केला आणि नीट वाचला. सगळे थांबले होते. आता या घरात तिचं वाचून होईपर्यंत थांबायची पद्धत पडली होती.

"मावशी," ती म्हणाली, "यात लिहिलंय, नानांच्या वाढदिवसाला चूक काढायची नाही. आज वाढदिवस नाही. परीक्षा अजून झालीच नाही." मग प्रामाणिकपणे पुढे म्हणाली, "मी दोन तास उगाचच बसले."

डॉर्कसने कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. हसण्याकडे की रडण्याकडे, ते ओक्यामेलाही सांगता आलं नसतं.

"मग सतरा ऑक्टोबरला," ती शेवटी म्हणाली. हट्ट तोच, आवाज वेगळा. "सतरा ऑक्टोबरला घेऊ परीक्षा."

"घ्या," नाना म्हणाले. "मी तिच्या शेजारी बसेन. ती जे बोलेल ते मीही बोलेन. दोघांना नापास करा आणि दोघांना एकाच गाडीत बसवा. मी छावणी पाहिलेली आहे. तिला रस्ता दाखवीन."

डॉर्कसने पर्स काखेत मारली. तिने कर्णे सांभाळणाऱ्या माणसाकडे जाऊन आवाजाची कळ स्वतःच्या हाताने तळाशी नेली आणि तिथेच, पहारा द्यावा तशी, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

*

केक कापला गेला. वरचा आकडा बेदियाकोने आधी खाऊन टाकला, म्हणजे प्रश्न मिटला.

दुफी नानांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली होती, मध्ये एक हात अंतर ठेवून. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. नाना तारखा सांगत, ती वार सांगे. मग ती तारीख सांगे, आणि नाना थोडं थांबून, एकोणसत्तर वर्षांच्या गंजावर तेल घालत वार सांगत. पाचातले तीन बरोबर येत. चुकलं की ती "चूक" म्हणे, आणि नाना खूश होत.

पोकुआ बश्या उचलायला तिथून गेली तेव्हा नानांनी पुन्हा मान उजवीकडे वळवली, वर ताणली.

"आता कसला खोल विचार?" दुफीने विचारलं.

नाना तिच्याकडे वाकले. आजूबाजूला पाहिलं. ओक्यामे लांब होता.

"विचार नाही गं," ते कुजबुजले. "सदऱ्याच्या आतली कंपनीची पट्टी टोचते मानेला. प्रत्येक सदऱ्याची. लहानपणापासून."

पोकुआने बश्या होत्या तिथेच खाली ठेवल्या. पिशवीतून शिवण उसवायची छोटी सुरी काढली आणि प्रमुखांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. "हलू नका, नाना," ती म्हणाली. "पुढचा मी शिवीन. शिवणी बाहेरून."

पहिला टाका तुटला. दुसरा. पट्टी निघून तिच्या हातात आली, तेव्हा नानांनी डोळे मिटले आणि त्यांची मान, माणसांनी चाळीस वर्षं जिचे अर्थ लावले होते ती मान, हळूहळू सरळ झाली आणि तशीच राहिली.